गडग्यावरचं पाणी

आनंदीला कुणी वाटेत थांबवून "बरी आसस मां गो?" असं विचारलं, तरी उत्तर द्यायच्या आधी ती विचारणाऱ्याच्या हातातल्या पिशवीकडे बघायची. मासेवालीने बांगडे ताजे आहेत म्हटलं की सगळ्याच बायका कल्ले उघडून बघतात; आनंदी कल्ले बघून झाले की मासेवालीचे डोळेही बघायची. देवळातला प्रसाद शेजारणीने गिळल्याशिवाय हिने तोंडात टाकला, असं वाडीत कुणी पाहिलेलं नव्हतं. वेंगुर्ल्यापासून थोडं खाली, दर्याला लागून असलेल्या त्या वाडीत तिचं घर होतं. माडांचं लहानसं आगर, एक फणस, एक विहीर, आणि वरच्या अंगाला धोंडूच्या घराची हद्द दाखवणारा गडगा, म्हणजे चुना-माती न लावता चिऱ्यांवर चिरे रचून केलेली कमरेएवढी भिंत. गडग्याच्या अलीकडच्या जगावर तिचा थोडाफार भरवसा होता. पलीकडच्या जगावर काडीचाही नव्हता.

ती जन्मतः अशी नव्हती. जन्मतः कुणीच संशयी नसतं. तान्हं मूल कुणाच्याही बोटाला धरतं. आनंदीला हे सगळं तिच्या गेलेल्या माणसांनी शिकवलं, आणि गेलेल्या माणसांची एक अडचण असते. जिवंत माणसाला "असं का म्हणालात?" म्हणून विचारता येतं. मेलेल्याचं बोलणं आहे तसं उचलावं लागतं.

पहिला धडा बापाचा. बाप शिवा, इन्सुलीचा गाडीवान. बैलगाडीतून मीठ आणि सुकी मासळी घेऊन आंबोलीचा घाट चढायचा आणि वरून गूळ-तांदूळ घेऊन उतरायचा. एकदा घाटातल्या वळणावर चाक रुतलं, तेव्हा कुठून तरी एक अनोळखी माणूस आला आणि न सांगता गाडीला खांदा लावून ढकलू लागला. शिवाला भरून आलं. वर पोचल्यावर बघतो तर मागची दोन पोती गायब. त्यानंतर मरेपर्यंत तो लेकीला एकच सांगत राहिला, "न मागता जो हात देता, तेचो दुसरो हात खंय आसा ता बघ." आनंदीने हे वाक्य लग्नाच्या लुगड्याबरोबर सासरी आणलं.

सासरी तिला दुसरी पंतोजीण भेटली, सासू हौसाबाई. नावात हौस होती तेवढीच. ही बाई हसलेली आनंदीने क्वचित पाहिली. तिन्हीसांजेला कुणाला मीठ देऊ नये, पोराचं कौतुक करणारी बाई आली की पोर पदराखाली घ्यावं, दळण परत आलं की आधी मूठभर कोंबड्यांना घालून बघावं, असे सासूचे नियम होते. आनंदीने ते सगळे पाळले. पण सगळ्यांत मोठा नियम वेगळा होता, आणि तो सुनेने उंबरठा ओलांडल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या कानावर घातला गेला.

"वरच्या घराचो पाण्याचो थेंब आपल्या घरात येवक नको. कळला?"

"कित्याक, आये?"

"मी सांगतंय म्हणान!"

वरचं घर म्हणजे गडग्यापलीकडचं, धोंडूचं. तेव्हा तिथे धोंडूच्या आईचं राज्य होतं. तिला सगळी वाडी अक्का म्हणायची. आनंदीच्या घरची विहीर दर्याच्या जवळ, त्यामुळे चैत्र सरला की तिचं पाणी मचूळ व्हायचं आणि वैशाखात तर चक्क खारट. अक्काची विहीर चढावर, काळ्या कातळात फोडलेली, बारा महिने गोड. हाकेच्या अंतरावर गोडं पाणी असताना हौसाबाई उन्हातान्हात सातेरीच्या देवळामागच्या झऱ्यावर जायची आणि कळशी कमरेवर घेऊन धापा टाकत परत यायची. आता कुठल्याही सुनेला वाटेल तेच आनंदीला वाटलं. एवढा जीव काढून जे पाणी टाळायचं, त्या पाण्यात काहीतरी असलं पाहिजे. करणी म्हणा, विष म्हणा, नजर म्हणा, पण काहीतरी नक्की.

त्यात ते संध्याकाळचं. रोज दिवेलागणीला हौसाबाई तांब्याभर पाणी घेऊन गडग्याकडे जायची. गडग्याच्या पायथ्याशी, सगळ्या तांबड्या चिऱ्यांमध्ये एकच एक दर्यावरचा काळा, गुळगुळीत गोटा होता. त्यावर ती सावकाश पाणी ओतायची आणि काहीतरी पुटपुटायची. घरात प्यायला नसलं तरी ते पाणी झऱ्याचंच लागे. नव्या सुनेने एकदा त्या गोट्यावर कोयती घासली, तर हौसाबाईने तिच्या पाठीत असा धपाटा घातला, की आनंदी दोन दिवस कुशीवर झोपली. म्हाळाच्या दिवशी, पितरांना वाढलेल्या सगळ्या पानांबरोबर एक इवलंसं पान गडग्याकडेही जायचं. आनंदीने मनाशी हिशेब जुळवला. हा वरच्या घराच्या करणीवरचा उतारा आहे. सासू शत्रूचं तोंड बांधते आहे.

हौसाबाई गेली तेव्हा अक्का गडग्यापलीकडे डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली होती. प्रेत हलेपर्यंत उभी होती. आनंदीने ते रडता रडताही बघितलं आणि मनात म्हटलं, बघ सटवी, खरंच मेली की नाही याची खात्री करून घ्यायला आली.

त्या संध्याकाळपासून तांब्या आनंदीच्या हातात आला. पुटपुटायचं काय ते सासूने सांगितलेलं नव्हतं. मग आनंदीने स्वतःचाच मंत्र केला. पाणी ओतायचं आणि म्हणायचं, "शिरा पडो तुझ्या तोंडार." मालवणी बाईला शत्रूला शापायला याहून ठसठशीत मंत्र कुठून सापडणार? आणि झऱ्याचं पाणीही तिने बंद केलं. कोण एवढ्या लांबून आणलेलं पाणी शत्रूवर ओतेल? विहिरीचं ओतायचं. वैशाखात ते खारट असलं तर उलट बरं. खारं तर खारं, तोंड तरी खारट होईल त्यांचं.

तिसरा धडा नवऱ्याचा, आणि तो तिने शिकायचाच नाकारला. हरिश्चंद्र गलबतावर खलाशी होता. वेंगुर्ल्याहून मंगळूरपर्यंत जायचा. आई आणि बायको यांच्यामध्ये राहूनही हा माणूस कुणावरही विश्वास ठेवायचा, हा एक चमत्कारच. तो म्हणायचा, "आनंदी, दर्यात सगळीकडे पाणीच पाणी, पण खारा. थंय गोड्या पाण्याचो पिंप जेच्याकडे आसा, तो आपलो सोयरो. तेची जात विचारूची नाय, गाव विचारूचो नाय." एका वैशाखात तो बंदरावरून भर दुपारी तापून आला आणि सरळ धोंडूच्या विहिरीवर जाऊन घटाघटा पाणी प्याला. आनंदीने मागीलदारातून ते पाहिलं. त्याच पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि आठवड्याभरात तो गेला. डॉक्टर म्हणाले, बंदरावरचं काहीतरी खाण्यात आलं असेल. डॉक्टरांना काय ठाऊक? आनंदीला कारण ठाऊक होतं. शुभदा तेव्हा सात वर्षांची होती. आनंदीने तिला मांडीवर घेऊन शपथ घातली, की वरच्या घराचं पाणी तोंडात घालशील तर माझं मेलेलं तोंड बघशील.

पुढे शुभदा मोठी झाली, शिकली, कुडाळला सासरी गेली. आणि चौऱ्याऐंशी सालच्या वैशाखात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

तिचे पाय सुजले होते. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. वेंगुर्ल्याच्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, "मीठ पूर्ण बंद. लोणचं नाही, सुकट नाही, खारट काहीही नाही. आणि पाणी भरपूर प्यायचं. उन्हाळा आहे, पाणी कमी पडलं तर बाळाला त्रास होईल." आनंदीने मान हलवली. मीठ बंद करणं तिच्या हातात होतं, पण विहिरीला कोण सांगणार? त्या वर्षी पाणी इतकं खारवलं होतं, की त्यात शिजवलेल्या पेजेला मीठ लागत नव्हतं.

मग आनंदी झऱ्यावर जाऊ लागली. पन्नाशी आली होती, गुडघे बोलायला लागले होते. झऱ्याची धारही वैशाखात करंगळीएवढी. अर्धी सकाळ बसावं तेव्हा एक कळशी भरायची. त्यातच पेज, त्यातच औषध, त्यातच पिणं. शुभदा समजूतदार मुलगी. आईची चाल बघून ती अर्ध्या तहानेवर पेला खाली ठेवायची. "झाला माका," म्हणायची. आणि आनंदीच्या काळजाचं पाणी व्हायचं. ती मनात म्हणायची, देवा, माझे गुडघे घे, पण हे पोर मोकळं कर.

आणि एका सकाळी ती झऱ्यावरून परत आली, तर मागीलदाराच्या शेवटच्या पायरीवर पाण्याने भरलेला हंडा. तांब्याचा, घासून लखलखीत केलेला, वर केळीचं पान झाकलेलं.

पान उचलून तिने वास घेतला. वास नव्हता. वास नसणं हे तिला वासापेक्षा वाईट वाटलं.

"शुभदा, कोण इल्लो हयसर?"

"माका काय म्हायत? मी भितूर होतंय," शुभदा म्हणाली.

हंडा कुठला ते विचारायची गरजच नव्हती. काठावर धोंडूचं नाव ठोकलेलं होतं. पण पायरीवर, तेही शेवटच्या? पाणी द्यायचं तर माणूस दारात येऊन हाक मारून देतो. चोरासारखं ठेवून कोण जातं? बापाचं वाक्य कानात वाजलं. न मागता हात दिलाय. दुसरा हात कुठे आहे? धोंडूला आगर हवं असेल? की त्याची बायको मथुरा हिला अजून मूल नाही, म्हणून दोन जिवाच्या पोरीवर काही करायचं असेल? हा विचार आला मात्र, तिने हंडा उचलला आणि सगळं पाणी माठाच्या भाजीच्या वाफ्यात ओतलं. रिकामा हंडा गडग्यावर पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी हंडा पुन्हा पायरीवर. तिने पुन्हा ओतला, पण आता ती वाफ्याकडे बघत राहिली. भाजी करपते की माना टाकते? तर मेली भाजी आठवड्याभरात अशी तरारून वर आली, की पानं तळहाताएवढी झाली. दुसरी कुणी असती तर भाजी खुडली असती. आनंदी आणखी घाबरली. वैशाखात माठ इतका फोफावतो का कधी? पाण्यात काहीतरी घातल्याशिवाय?

शेवटी ती देवळात गेली. सातेरीच्या गुरवाला, सत्यवानाला तिने प्रसाद लावायला, म्हणजे देवीचा कौल घ्यायला सांगितलं. त्याने पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवी माये, हिच्या दारात जा पाणी येता, ता बरा आसात तर उजवो दी, वायट आसात तर डावो दी, आणि लेकराच्या मनातलो घोर काढून टाक."

गाऱ्हाणं संपतं न संपतं तोच उजवी कळी टपकन खाली पडली.

"झाला समाधान?" सत्यवान म्हणाला.

समाधान कसलं! डाव्या कळीला याने पाणी जास्त लावलं होतं, आनंदीने आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. ओली कळी चिकटून राहते, कमी ओली पडते. शिवाय सत्यवान आणि धोंडू एकाच भजनात बसतात. ती नारळाचं अर्धं भकल घेऊन घरी आली आणि तेही तिने खाल्लं नाही. देवीवर तिचा संशय नव्हता. देवी आणि तिच्यामध्ये जो माणूस होता, त्याच्यावर होता.

एवढ्यात शुभदाच्या पायांची सूज मात्र ओसरली. घोटे दिसायला लागले, चेहऱ्यावर पाणी आलं. आनंदीला वाटलं, आपल्या झऱ्याच्या कळशीला यश आलं. ती आणखी लवकर निघू लागली.

आणि मग तो दिवस. झऱ्याच्या अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं, की डोक्यावरची चुंबळ घरीच राहिली. ती परत फिरली. माडांमधून मागीलदारी आली आणि जागच्या जागी थिजली. शुभदा शेवटच्या पायरीवर बसली होती. समोर हंडा होता, आणि ती ओंजळी भरभरून पाणी पीत होती. गडग्यापलीकडे मथुरा उभी राहून बघत होती.

"शुभदा! थुंक ता! आधी थुंक!"

शुभदा दचकली, पण थुंकली नाही. तोंडातलं पाणी तिने गिळलं.

"आये, आजच नाय पियतंय मी. पयल्या दिवसापासून पियतंय. तू झऱ्यार गेलंस काय पोटभर पियतंय, मगे तू येवन उरलेला ओततंस."

"तुका मी शपथ घातलेलंय!"

"घातलेलंस. पण पोटातल्याक शपथ खंय कळता? तेका तहान लागता."

आनंदीच्या डोळ्यांपुढे कावीळ, नवऱ्याचे पिवळे डोळे, सगळं एकदम उभं राहिलं. तिने हंडा उचलला आणि गडग्याकडे धावली. मथुरा पळाली नाही, तिथेच उभी राहिली. या दोघींचं वीस वर्षांत कोंबड्यांवरून ओरडण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं.

"मथुरे! माझ्या घोवाक तुमच्या पाण्यान न्हेल्यान. आता माझ्या चेडवाक न्हेवचा आसा? काय होया तुका? आगर होया? बोल!"

"माका कायएक नको, वयनी," मथुरा म्हणाली. "वाईच ऐकशात? मगे हंडो माझ्या टकलेत घाला."

आनंदीने हंडा खाली ठेवला नाही. पण टाकलाही नाही.

मथुरा म्हणाली, "अक्का गेली तेच्या आदल्या दिसा तिना माका जवळ बसयल्यान. म्हणाली, खालच्या घरात दोन जिवाची बाय इली तर तिका पाणी न्हेवन ठेव. घेतीत नाय, ओततीत, तरी ठेव. पण घरात न्हेव नको. हौसाची आण आसा, ती मोडू नको. शेवटच्या पायरेर ठेव."

"कसली आण?"

मग मथुराने सांगितलं. अडखळत, पदराचं टोक पिळत सांगितलं. हौसाबाई नवी सून होती तेव्हाची गोष्ट, हरिश्चंद्र जन्मायच्याही आधीची. हौसाबाई पहिल्या खेपेची, दिवस भरत आलेले. असाच वैशाख. ती कळशी घेऊन अक्काच्या विहिरीवर आली. दोन दिवस आधी दोन्ही घरांचं फणसाच्या फांदीवरून भांडण झालं होतं. अक्काही तेव्हा पोरसवदाच, आणि जिभेने तिखट. ती म्हणाली, "जा, तुझ्या फणसाक सांग पाणी देऊक." एवढंच. हौसाबाई वळली आणि झऱ्यावर गेली. परत येताना भरल्या कळशीसकट ती देवळाच्या पायऱ्यांवरून घसरली. कळशी फुटली. संध्याकाळी मुलगी झाली, अपुऱ्या दिवसांची. घटकाभर जगली.

"जाताना तोंडात घालूक गोडा पाणी नव्हता घरात," मथुरा म्हणाली. "बावीचा पाणी खारा. अक्काक कळला तशी ती तांब्यो घेवन धावली. ह्या गडग्याकडे हौसाबाईची सासू उभी होती, तिना भितूर सोडल्यान नाय. आतून हौसाबाई आरडली, वरच्या घराचो पाण्याचो थेंब माझ्या घरात येवचो नाय. अक्का तांब्यो घेवन हयसरच उभी रवली. पोर गेला तसा तिना ता पाणी हयसरच ओतल्यान. आणि मगे तेंनी तेका हयसरच पुरल्यानी."

आनंदीच्या मनातला संशय इतक्या सहजासहजी मरणारा नव्हता. तो शेवटचा एकदा उठून बसला.

"ह्या सगळा अक्कान सांगला. अक्का मेली. मेलेल्याच्या नावार कोणी कायव सांगीत."

"खरा आसा, वयनी. माझ्याकडे पुरावो नाय," मथुरा म्हणाली. "पण गडग्याच्या पायाक दर्यावरचो एक काळो गोटो आसा काय नाय? हौसाबायन तो स्वतः आणून ठेवलो, असा अक्का म्हणायची. ती रोज पाणी घालायची. अक्का आमच्या पडवेतसून बघायची आणि रडायची."

आनंदीने खाली बघितलं. गोटा तिच्या पायाशीच होता. रोज पाणी पडून पडून त्याच्याभोवतीची माती बसली होती.

तिने हंडा हळूच गडग्यावर टेकवला. पाठीतला तो धपाटा तिला आठवला, ज्याचं कारण तिने इतकी वर्षं सासूच्या कजागपणात शोधलं होतं. म्हाळाचं इवलंसं पान आठवलं. प्रेत हलेपर्यंत पदर घेऊन उभी राहिलेली अक्का आठवली. लांबून आणलेलं झऱ्याचं पाणी आठवलं. घरात घोटभर नसतानाही गडग्याला गोडंच का, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. तिने उत्तर आधीच ठरवून ठेवलं होतं.

आणि मग तिला स्वतःचं आठवलं. रोजच्या रोज, एकही संध्याकाळ न चुकवता, ती या गोट्यावर पाणी ओतत आली होती. तहानलेल्या गेलेल्या पोरीला वैशाखात खारट पाणी पाजत आली होती आणि वर म्हणत आली होती, शिरा पडो तुझ्या तोंडार. आपल्याच नणंदेला. जिला दात यायचे राहिले, तिच्या तोंडावर.

आनंदी गडग्याला धरून खाली बसली आणि मोठ्याने रडली. शुभदा पोट सावरत पायऱ्या उतरून आली. मथुराला गडगा ओलांडून यायचं होतं, पण ती पलीकडेच उभी राहिली. आण तिची नव्हती, पण ती मोडायची नाही एवढं तिला शिकवलेलं होतं.

पुढे शुभदा सुखरूप सुटली आणि मुलगी झाली. धोंडूने आणि आनंदीने सातेरीला नारळ ठेवून आण सोडवली. गाऱ्हाणं सत्यवानानेच घातलं आणि आनंदीने त्याच्या बोटांकडे तेव्हाही नीट लक्ष दिलं. नवऱ्याचं ते गोड्या पाण्याच्या पिंपाचं बोलणं ती नातीला सांगू लागली, तेही नंतर. माणूस एका दिवसात बदलत नाही. मासेवालीचे डोळे ती अजूनही बघते. पण हे सगळं पुढचं.

त्या दिवशी दिवेलागण झाली, तेव्हा आनंदीने तांब्या घेतला. सवयीने ती विहिरीकडे वळली, मग थांबली. शेवटच्या पायरीवर मथुराचा हंडा होता. शुभदा पायरीवर बसून आईकडे बघत होती. आनंदीने हंड्यात तांब्या बुडवला आणि वर काढला. थोडा वेळ ती तो नुसताच हातात धरून राहिली. मग सासरी आल्यापासून पहिल्यांदा तिने त्या पाण्याचा घोट घेतला. तोंडात घोळवला. गिळला. आणि आणखी एक घेतला.

गडग्याशी ती गोट्यासमोर उकिडवी बसली. जिभेवर सवयीने तेच शब्द आले. तिने ते दातांखाली दाबून धरले. मग तांब्या कलता केला आणि बाळाच्या तोंडात चमच्याने घालावं इतक्या सावकाश पाणी सोडलं.

"पी गो बाये," ती म्हणाली. "गोडा आसा. मी पिऊन बघलंय."